मूलद्रव्यांची संयोगशक्ती



आजच्या भाषणाचा विषय रसायनशास्त्रातील असला, तरी माझ्यापुरता त्याचा आरंभ लालबागच्या एका चाळीतील खोलीत झाला. म्हणून प्रथम त्या खोलीची हकीगत सांगतो. १९८० च्या सुमारास गिरणी कामगारांसाठी तेथे रात्रीचा एक वर्ग चालत असे. मी नुकताच मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या नोकरीला लागलो होतो. दिवसा शाळा आणि रात्री हा वर्ग, असा माझा क्रम होता. वर्गातील बहुतेक विद्यार्थी माझ्यापेक्षा वयाने वडील होते. दिवसपाळी संपवून, केसांत अडकलेले कापसाचे तंतू झटकीत ते येऊन बसत आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी फळ्यावरचे उतरवून घेत.

त्यांत देवगड तालुक्यातील एक गृहस्थ होते. गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात, म्हणजे कोरे कापड जेथे शुभ्र करितात तेथे, ते कामास होते. एके रात्री मी संयुजांचा तक्ता लिहून दिला : सोडियम एक, क्लोरिन एक, ऑक्सिजन दोन, ॲल्युमिनियम तीन, कार्बन चार. नंतर, सोडियम आणि क्लोरिन यांच्या संयोगाने आपले रोजचे मीठ होते, असे सांगितले. तेव्हा हे गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, आमच्या खात्यात ज्या वासाने डोळ्यांना धार लागते आणि छाती भरून येते, तो क्लोरिनच ना? मग तोच मिठात असेल तर आम्ही मीठ खातो कसे? आणि सोडियमला एकच क्लोरिन का पुरतो? हे एक, दोन, तीन ठरविले कोणी?”

मला उत्तर ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही असे कबूल करण्याचे धैर्यही नव्हते. मी म्हणालो, “परीक्षेत कारण विचारीत नाहीत. तक्ता पाठ करा.” वर्ग हसला आणि ते खाली बसले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, वर्ग मोडला, आणि ते गृहस्थ गावी निघून गेले. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. त्याचे उत्तर मी पुढे हळूहळू, पुस्तके वाचून मिळविले. तेच आज आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम संयुजा म्हणजे काय ते पाहू. एखाद्या मूलद्रव्याचा एक अणू हायड्रोजनचे किती अणू धरून ठेवू शकतो, ती संख्या म्हणजे त्याची संयुजा, असे सोयीसाठी समजावे. हायड्रोजन हे येथे शेर-पायलीसारखे माप आहे. क्लोरिनचा अणू हायड्रोजनचा एक अणू धरतो. ऑक्सिजनचा अणू दोन धरतो आणि त्याचे पाणी होते. नायट्रोजनचा अणू तीन धरतो आणि अमोनिया होतो. कार्बनचा अणू चार धरतो आणि मिथेन होतो. प्रत्येक मूलद्रव्याची संयोगशक्ती अशी मोजकी असते, ही गोष्ट फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली ध्यानात आणून दिली. परंतु ती मोजकी का असते, हे त्या काळी कोणासही सांगता येत नव्हते. पुढची जवळजवळ साठ वर्षे साऱ्या जगातील विद्यार्थी, माझ्या वर्गातल्याप्रमाणेच, तक्ता पाठ करीत होते.

एखाद्यास वाटेल की, जड अणूची शक्ती अधिक आणि हलक्याची कमी असा नियम असावा. तसे नाही, याचे प्रमाण आपल्या मुंबईतच आहे. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात १९८५ साली सुरू झालेल्या ‘ध्रुव’ या अणुभट्टीत जड पाणी वापरतात. या पाण्यातील हायड्रोजनचा अणू साध्या हायड्रोजनच्या सुमारे दुप्पट वजनाचा असतो. त्यामुळे ते पाणी साध्या पाण्याहून दहाव्या हिश्शाच्या वर जड भरते. तथापि या दुप्पट वजनाच्या हायड्रोजनची संयुजा दोन होत नाही. ऑक्सिजनच्या एका अणूला तो दोनच्या हिशेबानेच मिळतो.

याहूनही ठळक उदाहरण आरगॉन आणि पोटॅशियम यांचे आहे. आरगॉनचा अणुभार सुमारे ३९.९ आणि पोटॅशियमचा सुमारे ३९.१, वजनात म्हणावा असा फरक नाही. परंतु आरगॉन विजेच्या दिव्याच्या काचेत वर्षानुवर्षे तापत्या तारेशेजारी राहतो आणि तिला ढुंकूनही विचारीत नाही. उलट पोटॅशियमचा बारीकसा तुकडा पाण्यात टाकला, तर तो तडतडत पृष्ठभागावर धावतो आणि जांभळट ज्वाला उठते. वजन सारखे आणि स्वभाव इतका भिन्न! तेव्हा कारण वजनात नाही; ते अन्यत्र शोधले पाहिजे.

ते शोधण्याची वाट १८९७ साली मोकळी झाली. त्या वर्षी केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन हा ऋण विद्युतभाराचा अतिसूक्ष्म कण सर्व अणूंत असतो असे दाखविले. १९११ साली रदरफर्ड यांनी सिद्ध केले की, अणूच्या मध्यभागी धन भाराचे एक लहानसे, पण अणूचे जवळजवळ सारे वजन सामावणारे केंद्रक असते. १९१३ साली नील्स बोर यांनी केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन ठराविक थरांत राहतात असा सिद्धांत मांडला, आणि १९१६ साली अमेरिकेतील लुईस आणि जर्मनीतील कोसेल यांनी संयोगशक्तीचे मूळ अगदी बाहेरच्या थरात आहे असे प्रतिपादन केले.

गिरगावातील जुनी चाळ आपण डोळ्यांपुढे आणा. आतल्या खोलीत माजघराचे व्यवहार चालतात. तेथे शेजाऱ्याचा संबंध सहसा येत नाही. वाटीभर साखर उसनी देणे, निरोप सांगणे, क्वचित तंटाही करणे, हे सर्व बाहेरच्या गॅलरीत चालते. अणूचे तसेच आहे. एक अणू दुसऱ्याजवळ आला म्हणजे ज्यांची गाठ पडते ते बाहेरच्या थरातील इलेक्ट्रॉन. आतले थर केंद्रकाने घट्ट बांधून ठेविलेले असतात. मात्र हा केवळ दृष्टांत आहे. आजच्या विज्ञानाप्रमाणे इलेक्ट्रॉन खोलीत बसलेल्या माणसासारखा एका जागी नसतो. केंद्रकाभोवती तो विरळ मेघासारखा पसरलेला असतो. पण थर आहेत, आणि प्रत्येक थरात किती जणांची सोय आहे याची मर्यादा आहे, एवढे या दृष्टांतातून बरोबर समजते.

पहिल्या थरात दोन इलेक्ट्रॉनांची सोय आहे. त्यापुढचा कोणताही थर सर्वांत बाहेरचा असताना त्यात आठांपेक्षा अधिक मावत नाहीत. आता आपण तीन शेजारी पाहू : क्लोरिन, आरगॉन आणि पोटॅशियम. क्लोरिनजवळ १७ इलेक्ट्रॉन आहेत, त्यांची मांडणी दोन, आठ, सात. आरगॉनजवळ १८, त्यांची मांडणी दोन, आठ, आठ. पोटॅशियमजवळ १९, मांडणी दोन, आठ, आठ, एक. इलेक्ट्रॉन ओळीने एकेक वाढला, पण परिणाम केवढा झाला पाहा. क्लोरिनची एक जागा रिकामी, म्हणून तो एक घ्यावयास पाहतो. त्याची संयुजा एक. आरगॉनचा थर भरलेला, म्हणून तो घेत नाही आणि देतही नाही. पोटॅशियमचा एक इलेक्ट्रॉन नव्या थरात एकटा पडलेला, म्हणून तो सहज हातचा जातो. त्याचीही संयुजा एकच, पण देण्याची.

सोडियम हा पोटॅशियमचाच धाकटा भाऊ. त्याचे इलेक्ट्रॉन ११. दोन, आठ, एक. बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनाला केंद्रकाची ओढ फारशी लागत नाही, कारण मध्ये आतल्या दहा इलेक्ट्रॉनांचा पडदा आहे. केंद्रकाचे अकरा भाग धन, त्यातील दहांचा प्रभाव पडद्याने बहुतेक झाकलेला. उरतो एकाच्या आसपास. क्लोरिनच्या केंद्रकात सतरा भाग धन आहेत आणि आतला पडदा तेवढाच, दहांचा. म्हणून बाहेरच्या थरावर त्याची ओढ जबर असते, आणि त्याच थरातील रिकाम्या जागी येणारा परका इलेक्ट्रॉनही तो धरून ठेवतो.

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न : सोडियमने एकच का द्यावा? सोडियम काही कर्णासारखा दानशूर नाही. इलेक्ट्रॉन काढून घेण्यास ऊर्जा खर्चावी लागते, आणि तो खर्च शास्त्रज्ञांनी मोजला आहे. पहिल्या इलेक्ट्रॉनाचा खर्च एक रुपया धरला, तर दुसऱ्याचा नऊ रुपयांहून अधिक पडतो. कारण दुसरा आतल्या भरलेल्या थरातून उपटावा लागतो. पहिल्याचा खर्च मीठ तयार होताना, धन आणि ऋण कण एकमेकांस कवटाळतात तेव्हा, भरून निघतो. दुसऱ्याचा खर्च कोणत्याही संयोगात भरून निघत नाही. म्हणून सोडियम एकावर थांबतो. शेजारच्या मॅग्नेशियमजवळ बाहेर दोन इलेक्ट्रॉन आहेत. त्याचे दोन माफक खर्चात निघतात, तिसऱ्यापाशी खर्च एकदम दुसऱ्याच्या पाचपट होतो. म्हणून त्याची संयुजा दोन. तक्त्यातील आकडे कोणी शास्त्रज्ञांनी बसून ठरविलेले नाहीत. अणूच्या घरचा जमाखर्च जेथे तुटीत जातो, तेथे तो आकडा थांबतो.

आणि मीठ आपण खातो कसे? सोडियमने दिलेला इलेक्ट्रॉन क्लोरिनने घेतला की, क्लोरिनचा बाहेरचा थर आरगॉनसारखा पूर्ण होतो. त्याची भूक भागते. वडाळ्याच्या मिठागरांत समुद्राच्या पाण्यातून जे मीठ धरीत असत, त्यात क्लोरिनचे असे तृप्त कण आहेत; क्लोरिन वायू नाही. गिरणीत छाती भरून आणीत असे तो क्लोरिन अतृप्त होता. शरीरातील ओलाव्याशी संयोग पावून तो दाहक आम्ले निर्माण करितो, आणि जेथून मिळेल तेथून इलेक्ट्रॉन ओरबाडतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये पहिल्या महायुद्धात ईप्र येथे हाच वायू सैनिकांवर सोडण्यात आला होता. ताटातले मीठ आणि रणांगणावरचे विष यांच्यात अंतर आहे ते क्लोरिनच्या प्रत्येक अणूमागे एका इलेक्ट्रॉनाचे.

त्या गृहस्थांनी एकदा मला त्यांच्या तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ सांगितले होते. तेथून एका साहेबाने सूर्य पाहिला, असे ते अभिमानाने म्हणत. ही हकीगत आपल्या विषयाशी निगडित आहे, पण तीत दोन ग्रहणांची सरमिसळ झालेली आढळते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले; त्या दिवशी जान्सेन हे फ्रेंच ज्योतिर्विद गुंटूर येथे होते. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ग्रहणावाचूनच सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करून, सोडियमच्या पिवळ्या रेषांजवळची, पण त्यांहून निराळी, अशी एक पिवळी रेषा पाहिली. ती अज्ञात मूलद्रव्याची मानून, सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास हेलियम म्हटले गेले. लॉकियर विजयदुर्गास आले ते पुढे तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. आपल्या कोकणच्या किल्ल्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. तो फक्त योग्य तारखेस लागतो.

हेलियम आधी सूर्यावर ओळखला गेला आणि पृथ्वीवर रॅम्झे यांना १८९५ साली सापडला. इतका विलंब का लागला? एक कारण हेच की, तो कोणाशी संयोग पावत नाही. त्याजवळ दोनच इलेक्ट्रॉन आहेत, आणि पहिला थर दोहोंनीच भरतो. कोणत्याही क्षारात, आम्लात वा भस्मात तो बांधलेला मिळत नाही. हायड्रोजनजवळ एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तो सदैव जोडीदाराच्या शोधात. गिरगाव चौपाटीवर तरंगते फुगे विकत घेताना पालकांनी हे लक्षात ठेवावे. दोन्ही वायू हवेहून हलके, दोहोंचे फुगे सारखेच वर जातात. पण हायड्रोजनचा फुगा ठिणगीने भडकतो आणि हेलियमचा नुसता फुटतो. वाढदिवसाच्या मेणबत्तीजवळ कोणता फुगा आहे, हा प्रश्न एका इलेक्ट्रॉनाचा आहे.

देणे आणि घेणे यांखेरीज तिसरा एक मार्ग आहे, तो सामाईक मालकीचा. कार्बनजवळ बाहेर चार इलेक्ट्रॉन आहेत. चारही देऊन टाकणे महाग, आणि चार परके घेऊन सांभाळणे अवघड. मग तो चाळीतील सामाईक नळाप्रमाणे व्यवस्था करितो : आपला एक आणि शेजाऱ्याचा एक, अशी इलेक्ट्रॉनांची जोडी दोघांची म्हणून ठेवितो. हायड्रोजनच्या चार अणूंशी अशा चार जोड्या केल्या की कार्बनचे आठ होतात, प्रत्येक हायड्रोजनचे दोन होतात, आणि मिथेन बनतो. लालबागच्या गॅस कंपनी लेनचे नाव आजही ऐकू येते. एके काळी तेथील गॅस कंपनी दगडी कोळशापासून जो गॅस काढीत असे, त्यात हायड्रोजनबरोबर मिथेनही असे. आज मुंबईच्या अनेक स्वयंपाकघरांत नळाने येतो तो गॅसही मुख्यत्वे मिथेनच आहे. कार्बन आपल्याच जातीच्या अणूंशीही अशा जोड्या करून लांबच लांब साखळ्या रचितो. गिरणीतला कापूस, आपले अन्न आणि आपला देह या साखळ्यांचेच बनलेले आहेत.

प्रामाणिकपणे एवढे सांगितले पाहिजे की, हा नियम सर्वत्र इतक्या सरळपणे चालत नाही. लोखंडाची संयुजा कधी दोन असते, कधी तीन. त्याच्या बाहेरच्या थरात दोन इलेक्ट्रॉन असतात, पण त्याच्या लगतच्या आतल्या थरातील एखादाही व्यवहारात उतरतो. गॅलरीच्या गजांवर पावसाळ्यात चढणारा तांबूस गंज हा तीन संयुजेच्या लोखंडाचा असतो. तसेच आरगॉनच्या कुळातील झेनॉन हाही कायमचा अलिप्त ठरला नाही. १९६२ साली नील बार्टलेट यांनी त्याचे संयुग तयार केले. झेनॉनचा अणू मोठा, बाहेरचा थर केंद्रकापासून दूर, म्हणून तेथील पकड सैल. हे अपवाद नियमाला बाध आणीत नाहीत. येथेही निकाल बाहेरच्या बाजूच्या इलेक्ट्रॉनांवरच लागतो.

शेवटी एक घरगुती सूचना. पुष्कळ घरांत संडास व मोरी स्वच्छ करण्यासाठी ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड अशी दोन्ही द्रव्ये ठेवितात, आणि दोन्ही एकत्र टाकल्यास दुप्पट स्वच्छता होईल असे काहींना वाटते. तसे कदापि करू नये. ब्लीचिंग पावडरमध्ये बांधलेला क्लोरिन ॲसिडच्या योगाने मोकळा होतो, आणि कोंदट जागेत तो प्राणावर बेततो. चुकून असे घडलेच, तर प्रथम बाहेर मोकळ्या हवेत यावे.

त्या रात्री ‘तक्ता पाठ करा’ एवढेच सांगून मी त्या गृहस्थांना खाली बसविले. विषारी वायूत रोज आठ तास उभे राहणाऱ्या माणसाला, त्या वायूचा स्वभाव काय आणि मीठ झाल्यावर तो का बदलतो, हे समजण्याचा हक्क माझ्यापेक्षा अधिक होता. ते आज कोठे आहेत, मला माहीत नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडक्यात असे आहे : मास्तरांनी नव्हे, पुस्तकानेही नव्हे, अणूच्या बाहेरच्या थरात किती इलेक्ट्रॉन आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत, त्यावरून हे एक, दोन, तीन, चार ठरते. आणि शिक्षकबंधूंना माझी एवढीच विनंती आहे की, उत्तर येत नसेल तर तसे सांगावे, पण विचारणाऱ्यास खाली बसवू नये.